विटक्या सुटातला गव्हर्नर

रविवारी सकाळी मामाने घरच्या ग्रुपवर ती गोष्ट परत एकदा ढकलली.

तुम्हीही वाचली असणार. मी पहिल्यांदा वाचली ती वीस-बावीस वर्षांपूर्वी, याहू मेलच्या डब्यात. तेव्हा ती इंग्रजीत होती, प्रत्येक ओळीच्या आधी चार-चार बाणांची चिन्हं होती आणि ढकलपत्राच्या शेवटी 'दहा जणांना पाठवा' असा दम होता. मधल्या काळात ती मराठी शिकली. आता ती गुलाबाच्या फुलासकट आणि 'शुभ सकाळ'सकट येते.

गोष्ट अशी. विटका सुती झगा घातलेली एक बाई आणि जाड्याभरड्या कापडाचा झिजलेला सूट घातलेला तिचा नवरा बोस्टनला आगगाडीतून उतरतात आणि थेट हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कचेरीत जाऊन बसतात. भेटीची वेळ ठरवलेली नाही. कंटाळून जातील म्हणून सेक्रेटरीबाई त्यांना तासन् तास ताटकळत ठेवते. ते जात नाहीत. शेवटी साहेब नाक मुरडत बाहेर येतात. बाई म्हणते, आमचा मुलगा इथे वर्षभर शिकला, फार रमला होता, मागच्या वर्षी अपघातात गेला, त्याच्या नावाने इथे काहीतरी उभारावं म्हणतो. साहेब म्हणतात, गेलेल्या प्रत्येकाचा पुतळा उभारला तर इथलं स्मशान होईल. पुतळा नाही हो, इमारत, बाई म्हणते. साहेब तिच्या झग्याकडे बघून म्हणतात, इमारत? इथल्या इमारतींना पंचाहत्तर लाख डॉलर लागलेत! बाई जरा वेळ गप्प राहते. मग नवऱ्याकडे वळून म्हणते, एवढ्यातच होतं होय विद्यापीठ? मग आपलंच काढू या की. आणि ते दोघं, म्हणजे श्री. व सौ. लेलंड स्टॅनफर्ड, उठून कॅलिफोर्नियाला निघून जातात. तात्पर्य: कपड्यांवरून माणसाची पारख करू नये.

खाली अकरा जणांचे हात जोडलेले. मावशीने तर 'डोळ्यांत पाणी आलं' असं लिहिलं होतं.

मी लिहिलं, "मामा, ही गोष्ट खोटी आहे."

दोन मिनिटांत उत्तर आलं, "अगं, गोष्ट खोटी असेल. बोध तर खरा आहे ना? इसापाचे कोल्हे तरी कुठे बोलत होते?"

आता याला मोबाइलवर अंगठ्याने काय उत्तर देणार! शिवाय मामाशी वाद घालताना मी लहानपणापासून हरत आले आहे. म्हणून इथे सविस्तर खरडते आहे. कारण माझं भांडण गोष्टीशी नाहीच, त्या 'बोध खरा' शी आहे. मला वाटतं, गोष्टीपेक्षा बोधच जास्त खोटा आहे.

आधी गोष्टीचं उरकून टाकते. मुलगा हार्वर्डला कधीच शिकला नव्हता. तो गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आणि गेला तो विषमज्वराने. नवराबायको हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना भेटले हे खरं, पण एलियट साहेबांनी त्यांना नीट बसवून घेतलं, मुलाच्या स्मरणार्थ काय काय करता येईल यावर चर्चा केली, आणि विद्यापीठ काढायचं तर जमीन आणि इमारती सोडून निदान पन्नास लाख डॉलरची पुंजी बाजूला ठेवावी लागेल असं सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जमेल म्हणाले. त्या दौऱ्यात ते कॉर्नेल, एम.आय.टी. आणि जॉन्स हॉपकिन्सही बघून आले. म्हणजे आपण लग्नाचं कार्यालय ठरवताना चार ठिकाणी चौकशी करतो तसंच.

राहिला सूट. लेलंडराव तेव्हा कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर होते, एका बलाढ्य रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते आणि लवकरच अमेरिकन सेनेटवर निवडून जाणार होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवर त्यांचा १८७६ साली बांधलेला वाडा होता. विटका सूट त्यांच्याकडे असलाच तर तो माळ्याला देऊन झाला असेल.

आता मुख्य मुद्दा. हा माणूस होता कोण?

१८२४ साली न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ जन्म. वडील शेती करायचे आणि एक खानावळवजा उतारशाळा चालवायचे. पोरगा वकील झाला, विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन नावाच्या गावात वकिली थाटली, १८५० साली जेन लॅथ्रॉपशी लग्न केलं. १८५२ साली आगीत कचेरी आणि कायद्याची सगळी पुस्तकं जळाली. भाऊ आधीच कॅलिफोर्नियात होते, सोन्याच्या खाणींवर. हाही गेला. जेन मागेच राहिली, आजारी वडिलांजवळ, तीन वर्षं. लेलंडने सोनं खणलं नाही, सोनं खणणाऱ्यांना किराणा आणि अवजारं विकली. शहाणपणाचं काम. सोन्याच्या गर्दीत श्रीमंत झाले ते बहुतेक फावडी विकणारेच.

मग राजकारण. नव्या रिपब्लिकन पक्षाची कॅलिफोर्नियात उभारणी करणाऱ्यांत तो होता. १८५७ ला हरला, १८५९ ला गव्हर्नरपदासाठी हरला, १८६१ ला जिंकला. शपथविधी १० जानेवारी १८६२ ला. त्या दिवशी सॅक्रामेंटो शहर पुराच्या पाण्यात बुडालं होतं, त्यामुळे नवे गव्हर्नर होडीतून शपथ घ्यायला गेले आणि परत आले तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडकीतून घरात शिरले. हे मात्र खरं आहे, आणि ढकलपत्रातल्या गोष्टीपेक्षा मला कितीतरी जास्त आवडतं.

त्या शपथविधीच्या भाषणात त्यांनी आशियातून येणाऱ्या लोकांबद्दल जे सांगितलं ते मात्र आवडण्यासारखं नाही. आशिया आपल्याकडे आपला गाळ पाठवतो आहे, या हलक्या लोकांची वस्ती इथे होऊ देता कामा नये, कायद्याने त्याला आळा घातला पाहिजे, असा त्याचा सूर होता. रोख चिनी मजुरांवर होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गव्हर्नर होण्याच्या सहा महिने आधी, जून १८६१ मध्ये, सॅक्रामेंटोच्या चार व्यापाऱ्यांनी सेंट्रल पॅसिफिक नावाची रेल्वे कंपनी काढली. स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर. किराणा, लोखंडी सामान आणि कापड विकणारी माणसं. रेल्वेतलं ओ का ठो कळणारा एकच, इंजिनियर थिओडोर जुडा. सिएरा नेवाडाच्या पहाडातून वाट त्याने शोधली, वॉशिंग्टनला खेटे घालून १८६२ चा रेल्वे कायदा मंजूर व्हायला त्याने जिवाचं रान केलं. पुढे चौघांशी त्याचं बिनसलं. त्यांच्या हातून कंपनी सोडवायला पैसे उभे करायचे म्हणून तो पनामामार्गे न्यूयॉर्कला निघाला, वाटेत पिवळा ताप झाला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये मेला. सदतीस वर्षांचा होता.

तर लेलंडराव एकाच वेळी राज्याचे गव्हर्नर आणि त्याच राज्याकडून मदत घेणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष. दोन्ही खुर्च्यांवर एकदम. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपण पुष्कळ पाहिलंय. पण सत्त्याण्णव टक्के लोक 'स्टॅनफर्ड' म्हटल्यावर या खुर्च्यांची नव्हे, त्या विटक्या सुटाची आठवण काढतात, हे मला खुपतं. (सत्त्याण्णव हा आकडा माझ्या मनाचा. मामा, पुरावा मागू नकोस.)

आणि कायदा काय होता बघा. सरकार कंपनीला दर मैलामागे रोखे देणार: सपाटीवर १६,०००, डोंगरांच्या मधल्या पठारी मुलखात ३२,०००, डोंगरात ४८,००० डॉलरचे. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन, चौकटीआड चौकट. आता डोंगर कुठे सुरू होतो हे कोण ठरवणार? तर राज्याच्या भूगर्भशास्त्रज्ञाने ठरवलं की सिएराचा पायथा आर्केड क्रीक नावाच्या ओढ्यापाशी, म्हणजे सॅक्रामेंटोपासून सातेक मैलांवरच सुरू होतो. तिथे उभं राहिलं तर जमीन पोळपाटासारखी सपाट. खरा चढ त्याच्या बराच पुढे. लिंकनने सही केली. कंपनीने एक पहाड पंधरा-वीस मैल उचलून पश्चिमेला आणून ठेवला, आणि त्या प्रत्येक सपाट मैलाला डोंगराचा दर मिळाला.

बांधकामाचा ठेका कुणाला? स्वतःलाच. आधी क्रॉकरची कंपनी, मग 'काँट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनी' नावाची, याच चौघांची. एका खिशातून काढायचे, दुसऱ्यात घालायचे. पुढे चौकशी झाली तेव्हा त्या दुसऱ्या कंपनीच्या हिशेबाच्या वह्या सापडल्याच नाहीत. हिशेबाच्या वह्या नेहमी अशाच वेळी हरवतात.

हे सगळं झालं पैशाचं. पण रूळ कुणी टाकले?

१८६४-६५ पासून चिनी मजूर. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले. गोरे मजूर यायचे, पगार घ्यायचे आणि चांदीच्या खाणींकडे पळायचे. मग ज्यांना तीन वर्षांपूर्वी गाळ म्हटलं होतं त्यांनाच बोलावलं. ऐन भरात दहा हजारांच्या वर होते, दहातले आठ-नऊ मजूर चिनी. ऑक्टोबर १८६५ मध्ये याच स्टॅनफर्डनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना अहवाल पाठवला, त्यात चिनी मजूर शांत, सोशिक, कष्टाळू, काटकसरी आहेत असं भरभरून कौतुक आहे आणि त्यांच्याशिवाय हे काम वेळेत होणं अशक्य आहे अशी कबुलीही. माणसं तीच. गरज बदलली.

डोनर खिंडीजवळचा समिट बोगदा १,६५९ फूट लांब, अख्खा ग्रॅनाइटमधून. दोन्ही तोंडांकडून खणत होते आणि मध्यभागी विहिरीसारखा खड्डा पाडून तिथूनही दोन बाजूंना. दिवसाला काही इंच. १८६६-६७ चा हिवाळा भयानक होता. माणसं बर्फाखाली भुयारं करून राहायची, बर्फातल्या वाटेनेच बोगद्यात कामाला जायची आणि परत यायची. हिमकडे कोसळून तळच्या तळ गाडले गेले, काही प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर हाती लागली. किती मेले याची कंपनीने मोजदाद ठेवली नाही.

जून १८६७ मध्ये तीनेक हजार चिनी मजुरांनी काम बंद ठेवलं. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. महिना चाळीस डॉलर द्या, तास कमी करा, एवढंच म्हणणं. कंपनी त्यांना पस्तीसपर्यंत देत होती, आणि त्यातून त्यांनी आपलं जेवण आपण करायचं. गोऱ्या मजुराला जेवणखाण वर. क्रॉकरने डोंगरावर जाणारं धान्य बंद केलं. आठवड्याभरात संप मोडला. उपाशी माणूस किती दिवस तत्त्वावर उभा राहणार, तेही सात हजार फुटांवर?

१० मे १८६९ ला युटामधल्या प्रॉमॉन्टरी समिटला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. सॅक्रामेंटोपासून तिथपर्यंत ६९० मैल. सोन्याचा खिळा ठोकायचा मान लेलंडरावांचा. त्यांनी हातोडा उगारला आणि नेम चुकला असं सांगतात. खिळा ठोकायचा नव्हताच म्हणा, आधी भोक पाडून ठेवलं होतं, नुसता ठेवून परत काढून घ्यायचा होता. तो आज स्टॅनफर्डच्या संग्रहालयात आहे. मी तो पाहिलाय. भावाकडे सनीवेलला गेले होते तेव्हा एका शनिवारी सगळे गेलो होतो. काचेमागे बोटभर खिळा. पोरं म्हणाली, "एवढाच?"

मला इथे जरा वाकडी वाट करून एक घोड्याची गोष्ट सांगायची आहे. लेलंडरावांना शर्यतीच्या घोड्यांचा नाद. पालो आल्टोला मोठं शेत आणि तबेले. घोडा दुडकत असताना चारी पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हा त्यांचा आवडता प्रश्न. (पंचवीस हजार डॉलरची पैज लागली होती ही आणखी एक ढकलगोष्ट.) त्यांनी एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराला कामाला लावलं, आणि जून १८७८ मध्ये मायब्रिजने ओळीने बारा कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची ती प्रसिद्ध चित्रं घेतली. चारी पाय खरंच सुटतात. सिनेमाचा इतिहास सांगणारे तिथून सुरुवात करतात. १८८२ साली स्टॅनफर्डनी त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. वर नाव त्यांच्या डॉक्टर मित्राचं, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर मायब्रिजचा पत्ता नाही. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीने मायब्रिजचा निबंध छापायचं ठरवलं होतं, हे पुस्तक पाहिल्यावर तो मागे पडला. बिचाऱ्याने खटला भरला आणि हरला.

जुडा, चिनी मजूर, मायब्रिज. काम करणाऱ्याचं नाव पुसलं जाण्याची इथे एक रीतच दिसते.

आणि तरीसुद्धा... मुलाबद्दल वाचताना माझा आवाज खाली येतो.

लग्नानंतर अठरा वर्षांनी, १४ मे १८६८ ला, लेलंड ज्युनियर झाला. एकुलता एक. आई चाळिशीला टेकलेली. मुलाला जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, आईबापांनी त्याला युरोप दाखवला. १८८४ साली त्या प्रवासातच तो आजारी पडला आणि १३ मार्चला फ्लॉरेन्समधल्या हॉटेलात गेला. सोळावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता. बाप रात्र-रात्र उशाशी बसलेला. पहाटे डोळा लागला आणि जाग आल्यावर तो बायकोला म्हणाला की आता कॅलिफोर्नियाची मुलं ती आपली मुलं, असं सांगतात. हे खरं की सजवलेलं यात मी शिरत नाही. ज्या बापाचा पोर गेला त्याच्या पहाटेच्या वाक्याची मी उलटतपासणी करणार नाही.

विद्यापीठाचा दानलेख ११ नोव्हेंबर १८८५ चा. कोनशिला १४ मे १८८७ ला, मुलाच्या वाढदिवशी. १ ऑक्टोबर १८९१ ला वर्ग सुरू झाले. मुलं-मुली एकत्र, कुठल्याही पंथाचं बंधन नाही आणि फी नाही. फी पुढे १९२० मध्ये आली. त्या दानलेखात सहकाराची तत्त्वं शिकवली जावीत असंही लिहिलंय! सेनेटर झाल्यावर लेलंडरावांना सहकाराचं वेड लागलं होतं, कामगारांनीच कारखान्याचे मालक व्हावं म्हणून १८८६ साली त्यांनी विधेयकही मांडलं. सहकार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उसाच्या बैलगाड्या येतात, त्यात हे रेल्वेसम्राट बसवायला जरा वेळ लागला. ढोंग होतं का? मला नाही वाटत. ज्याचे हजारो मजूर उपाशी ठेवून नमवले गेले, तोच माणूस वीस वर्षांनी मनापासून सहकारावर बोलू शकतो. माणसं अशी असतात.

पण सेनेटर झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, १८८७ मध्ये, सरकारी आयोगाने त्यांना विचारलं की कंपनीने कायदेमंडळावर प्रभाव पाडायला पैसे वाटले का. त्यांनी उत्तर द्यायला नकार दिला. प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गेलं, निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांत स्टीफन फील्ड आणि लोरेन्झो सॉयर होते. दोघेही स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले विश्वस्त! स्वतः स्टॅनफर्डनी नेमलेले. मुलाच्या स्मारकाचे विश्वस्त बापाच्या खटल्यात न्यायाधीश. मामा, तू कोर्टात चाळीस वर्षं काढलीस, तूच सांग याला काय म्हणायचं.

आता ढकलपत्रातली दुसरी व्यक्ती, तो विटका झगा. जेनबाई.

लेलंडराव २१ जून १८९३ ला गेले. विद्यापीठ जेमतेम दोन वर्षांचं, देशात मंदी, इस्टेट कोर्टात अडकलेली. त्यात सरकारने दीड कोटी डॉलरहून जास्त रकमेचा दावा ठोकला, रेल्वेच्या कर्जातला स्टॅनफर्डांचा वाटा म्हणून. सगळ्यांनी सांगितलं, बंद करा. बाईंनी ऐकलं नाही. कोर्टाने घरखर्चासाठी महिना दहा हजार डॉलर मंजूर केले होते, त्यातून त्यांनी प्राध्यापकांचे पगार भागवले. कागदोपत्री प्राध्यापक हे त्यांचे घरगडी! १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली, त्या गर्दीत गिऱ्हाईक मिळेल म्हणून त्या दागिने घेऊन लंडनला गेल्या. फारसं काही खपलं नाही. (सरकारी कर्जाचं म्हणाल तर ते कंपनीने १८९९ च्या तडजोडीनंतर १९०९ पर्यंत फेडलं. एवढं माप त्यांच्या पदरात घालते.)

याच बाईंनी १८९९ मध्ये मुलींची संख्या पाचशेवर जाता कामा नये असा नियम केला, मुलाच्या नावाचं विद्यापीठ बायकांचं होईल म्हणून. आणि १९०० मध्ये एडवर्ड रॉस नावाच्या प्राध्यापकाला काढायला लावलं. त्याने रेल्वेविरोधी मतं मांडली होती आणि आशियाई मजुरांना बंदी घाला म्हणून भाषण ठोकलं होतं. म्हणजे १८६२ साली लेलंडराव जे बोलले तेच. इतिहास कधी कधी असा वात्रटपणा करतो. फेब्रुवारी १९०५ मध्ये होनोलुलूच्या हॉटेलात त्या गेल्या. पंचांच्या चौकशीत स्ट्रिक्नीनची विषबाधा निघाली, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी मात्र हृदयविकार असल्याचं सांगितलं आणि कितीतरी वर्षं तेच चाललं. कुणी मारलं हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

एवढी बाई! हट्टी, धीराची, चुकीची, दुःखी. आणि ढकलपत्राने तिला काय दिलं? एक झगा आणि एक टोमणा.

तर मामा, बोधाबद्दल. ती गोष्ट कुणाला गरीब ठरवते बघ. ज्याच्याकडे राज्य, रेल्वे आणि रोखे तिन्ही होते, त्याला ती विटका सूट घालते. मग आपण बाकावर ताटकळणारे आपण समजून त्याच्या बाजूला बसतो, आपल्याला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी बाहेर बसवलं ते सगळे आठवतात, आणि शेवटी तो खिशातून विद्यापीठ काढतो तेव्हा आपलाच सूड पुरा होतो. डोळ्यांत पाणी येतं. पण त्या काळात कचेरीबाहेर ताटकळणारे खरे कोण होते? आणि 'कपड्यांवरून पारख करू नये' म्हणजे तरी काय? विटक्या झग्यातली बाई खरंच गरीब निघाली असती, तर साहेबांचं वागणं बरोबर ठरलं असतं का? गोष्टीला तसंच वाटतं. साहेबांची चूक उद्धटपणाची नाही, गिऱ्हाईक ओळखता आलं नाही एवढीच.

मामाचा पुढचा मुद्दा मला ऐकू येतोय. "पैसा कुठून आला विचारत बसलीस तर निम्मी देवळं, धर्मशाळा आणि कॉलेजं बंद करावी लागतील." बंद कशाला करायची? भाऊ तिथे शिकला, त्या वाचनालयात त्याने रात्री काढल्या, मला त्याचा अभिमानच आहे. मी फक्त म्हणते, विचारावं. ते विद्यापीठ स्वतः विचारतं आहे. २०१२ साली तिथल्याच प्राध्यापकांनी चिनी रेल्वे मजुरांचा शोध घेणारा प्रकल्प सुरू केला. अमेरिकेत, चीनमध्ये शोधाशोध केली. एवढ्या हजारो माणसांपैकी एकाच्याही हातचं पत्र किंवा डायरी त्यांना मिळाली नाही. कंपनीच्या पगारपत्रकांत टोळीच्या मुकादमाचं नाव असायचं, हंग वाह वगैरे, आणि पुढे टोळीचे मिळून पैसे. बाकीच्यांची नावं लिहायची गरजच नव्हती.

तो खिळा बघून झाल्यावर आम्ही कँपसवरच्या समाधीपाशी गेलो होतो. आईबाप आणि मुलगा, तिघं एकत्र. निलगिरीची झाडं, दुपारची शांतता. वहिनीने सवयीने चपला काढल्या आणि हात जोडले. मीही जोडले. मुलाला. मग थोडी बापालाही, खोटं कशाला बोलू.

हे सगळं लिहून काल रात्री मामाला वाचून दाखवलं, फोनवर. मध्ये दोनदा "झोपलास का?" विचारलं. नव्हता झोपला. संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या फील्डचं नाव परत सांग." सांगितलं. "विश्वस्त होता? आणि खटला ऐकला?" हो म्हटलं. "हे फारच झालं," मामा म्हणाला. "पण तुझं हे एवढं लांबलचक ग्रुपवर कोण वाचणार गं? गुलाबाचं फूल तरी टाक वर."